वारा पडला म्हणजे...

दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आली की मुलांचे लक्ष पुस्तकात राहत नाही, हे कोणा शिक्षकाला सांगायला नको. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी मी वर्गात इतिहास शिकवीत होतो आणि शेवटच्या बाकावर तीन डोकी एकमेकांना चिकटली होती. जवळ जाऊन पाहतो, तर मध्ये मोबाईल! शाळेत तो आणायला बंदी आहे, म्हणून आधी रीतसर रागावलो. आणि मग, खरे सांगायचे तर, मीही पाहत उभा राहिलो.

पडद्यावर समुद्र होता. पाणी काचेसारखे निवांत होते. त्यावर दाराएवढी एक फळी, फळीवर एक डोलकाठी, डोलकाठीला पारदर्शक शीड आणि ते शीड धरून मागे रेललेला एक तरुण. पण नवल पुढेच होते. फळी पाण्याला टेकलेलीच नव्हती! ती पाण्याच्या वर दोन हातांवरून सरळ निघाली होती. खाली पाण्यात फक्त एक बारीक दांडा शिरलेला दिसत होता.

मोबाईलचा मालक धीट होता. तो म्हणाला, "गुरुजी, पाणी त हालत नाही जी. वाराच नाही. मंग हे फळी उडते कशी?"

आता आमचे अड्याळ कुठे आणि समुद्र कुठे! पवनी तालुक्यातले हे गाव. मुंबईचा किनारा इथून आठशे-नऊशे किलोमीटर दूर. आमच्याकडे पाणी म्हणजे कोहळी मंडळींच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव, वैनगंगा, आणि आता गोसेखुर्दच्या धरणाने पसरलेला जलाशय. दिवाळीच्या सुमारास धान पिवळे होते तेव्हा वारा इतका मंद असतो की लोंब्यासुद्धा हालत नाहीत. तरीही त्या मुलाचा प्रश्न मला परका वाटला नाही. कारण त्या दिवशी मी फळ्यावर जे नाव लिहिले होते ते कान्होजी आंग्रे यांचे होते. आणि आंग्र्यांच्या आरमाराचे निम्मे रहस्य याच प्रश्नात होते. वारा पडला म्हणजे काय करायचे?

मी त्याला म्हणालो, "याचे उत्तर तुला उद्या देतो." ते उत्तर शोधता शोधता मी बराच लांब गेलो. ती सफर वाचकांनाही घडवावी म्हणून हा लेख.

वारा वाढला तर काय होते ते सर्वांना दिसते. वादळाच्या कथा आहेत, बुडालेल्या जहाजांच्या कथा आहेत. वारा पडल्याची कथा मात्र कोणी रंगवून सांगत नाही, कारण तिच्यात काही घडतच नाही. शीड लोंबकळते, सुकाणू फिरवून उपयोग होत नाही, कारण जहाजाला गती असल्याखेरीज सुकाणूला जोर येत नाही. दोनशे माणसांचे, तीस-चाळीस तोफांचे जहाज एखाद्या ओंडक्यासारखे प्रवाहावर वाहू लागते.

कोकण किनाऱ्यावर ही स्थिती हिवाळ्यात नेहमीची. पावसाळा सरला की तिथे रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाणी सावकाश, म्हणून ही रोजची अदलाबदल. एक वारा थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये जो काळ जातो, त्यात समुद्र आरशासारखा होतो. आमच्या पूर्वजांनी नेमका हा काळ हेरला होता.

छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर आरमाराला आरंभ केला. तेव्हा पोर्तुगीज, इंग्रज, डच यांची मोठमोठी जहाजे या किनाऱ्यावर मिरवीत होती. त्यांच्या तोडीचे जहाज बांधणे हा एक मार्ग होता. महाराजांच्या माणसांनी भर दिला तो लहान, उथळ बुडाच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्यांवर. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी अशा दर्यावर्दी जातींची माणसे त्यांवर होती. मायनाक भंडारी, दौलतखान, दर्यासारंग ही नावे कागदपत्रांत राहिली. वल्हे ओढणाऱ्यांची राहिली नाहीत.

या होड्यांची परीक्षा १६७९ साली झाली. थळच्या समोर खांदेरी नावाचे बेट आहे. महाराजांच्या लोकांनी त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तिथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उभा राहतो हे पाहून इंग्रजांनी जहाजे पाठविली आणि बेटाची नाकेबंदी मांडली. जहाजे त्यांची मोठी, तोफाही अधिक. पण मराठ्यांच्या चिंचोळ्या होड्या रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून निघत, इंग्रजांच्या जहाजांच्या मधून निसटत आणि दाणागोटा, दगड, माणसे बेटावर पोहोचवून पहाटेच्या आत परत येत. मोठे जहाज शीड सावरून वळेपर्यंत होडी दिसेनाशी झालेली असे.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे नागावच्या बाजूने मराठ्यांची चाळीसहून अधिक गलबते एकदम बाहेर पडली. इंग्रजांची लहान जहाजे मागे हटली आणि त्यांची 'डव्हर' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज' हे मोठे जहाज मात्र तोफांच्या मारावर टिकून राहिले आणि गलबतांना माघारी फिरावे लागले. म्हणजे लढाईचा निकाल एकतर्फी नव्हता. परंतु खांदेरीचे बांधकाम थांबले नाही, आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांना वेढा आवरता घ्यावा लागला. बेट महाराजांकडेच राहिले.

या अनुभवातून जे शहाणपण आले ते पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त उतरले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. अमात्यांचा सांगावा थोडक्यात असा, की गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत; गलबतेही त्याच मापाची असावीत; आणि वाऱ्यावाचून जी कामाला येत नाहीत अशी थोर जहाजे बांधू नयेत. मी हे पूर्वीही वाचले होते, पण नजर त्यावरून घसरून गेली होती. त्या मुलाने प्रश्न विचारला तेव्हा ते वाक्य जागे झाले. जहाज कसे असावे हे ठरविताना राज्याचा अमात्य भर वाऱ्याचा विचार करीत नाही, पडल्या वाऱ्याचा करतो!

कान्होजी आंग्रे यांनी हे तंत्र पूर्णत्वाला नेले. १७२९ साली त्यांचे निधन होईपर्यंत या किनाऱ्यावर त्यांच्या दस्तकावाचून निर्धास्त फिरणे कोणालाही कठीण होते. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकातच आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन करून ठेवले आहे. शत्रूचे वर्णन असल्यामुळे त्यात स्तुतीचा सोस नाही, म्हणून ते अधिक मोलाचे. त्याच्या सांगण्याप्रमाणे गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई. त्याला दोन डोलकाठ्या. मोठीवर एकच भले थोरले त्रिकोणी शीड. आणि शिवाय चाळीस-पन्नास वल्ही, ज्यांच्या जोरावर ते ताशी चार मैल जाऊ शके. गुराब याहून मोठी, तिच्यावर तोफा जड.

आता डाव पाहा. परक्याचे जहाज दिसले की गुराबा आणि गलबते बंदरातून निघत. वारा असला तर शिडांवर धावत. वारा पडलेला असला तर गलबते वल्ही टाकीत, दोर बांधून गुराबांना ओढीत नेत आणि सारा जमाव त्या जहाजाच्या पिछाडीला गोळा होई. पिछाडीलाच का? कारण जहाजाच्या तोफा असतात दोन्ही कुशींना. पिछाडीला दोन-चार तोफा असल्या तर असल्या. वारा असता तर जहाजाने गर्रकन वळून कूस दाखविली असती. पण वाऱ्यावाचून ते वळणार कसे? मग त्याच्या डोलकाठ्या आणि शिडे यांवर मारा करायचा, ते पंगू झाले की चहूकडून माणसे चढवायची. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने 'डर्बी' हे इंग्रजांचे मालाने भरलेले मोठे जहाज असेच पिछाडीवरून झोडपून पकडले.

पण या कथेचा शेवट गोड नाही. १७४९ साली तुळाजी आंग्रे यांनी इंग्रजांचे 'रेस्टोरेशन' नावाचे जहाज जिंकून आणले. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वितुष्ट आले. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर आले. आंग्र्यांचे आरमार त्या वेळी किल्ल्याच्या आश्रयाने खाडीत दाटीवाटीने नांगरलेले होते. इंग्रजांचा एक तोफगोळा पडला तो नेमका 'रेस्टोरेशन'वर. ते पेटले, आणि त्याची आग एका जहाजावरून दुसऱ्यावर जात सारे आरमार जळून गेले. वारा असो वा नसो, ज्या गलबतांना हालता येत होते, ती जागच्या जागी उभी असताना जळाली!

मुलांना हा धडा शिकविताना दरवर्षी मी इथे थांबतो. 'किल्ला पडला' असे पुस्तकात लिहिलेले असते. पण त्या दिवशी जळाले ते केवळ लाकूड नव्हते. चार पिढ्यांनी हाताने मिळविलेली एक विद्या पोरकी झाली, आणि जाळपोळीला आपल्याच राज्याने हात लावला होता. पुढे आगबोटी आल्या. वारा पडला काय आणि सुटला काय, कोळसा असला म्हणजे झाले. पडल्या वाऱ्याची विद्या मग मच्छीमारांच्या होड्यांपुरती उरली.

तिचे भाग्य पुन्हा उजळले ते खेळामुळे. आणि मोबाईलवरची फळी त्याच खेळातली. तिचे आईबाप दोन आहेत: एक पाण्यातला पंख आणि दुसरी शिडाची फळी.

पंखाची गोष्ट अशी. विमान हवेत ज्या युक्तीने तरंगते तीच पाण्यात वापरता येईल हे काही शोधकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचले. इटलीचा एन्रिको फोर्लानिनी याने १९०६ साली माज्जोरे सरोवरावर पंखांची होडी चालविली. तिने ताशी ६८ किलोमीटरपर्यंत वेग घेतला. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हाही याच नादाला लागला. त्याच्या 'एच.डी. ४' या होडीने ९ सप्टेंबर १९१९ रोजी कॅनडातल्या एका सरोवरावर ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला. पण या दोन्ही होड्या इंजिनाच्या. वाऱ्यावर असे उडणे तेव्हा दूर होते.

शिडाची फळी अमेरिकेतली. १९६४ साली न्यूमन डार्बी याने फळीवर हाताने धरायचे शीड उभे केले. काही वर्षांनी हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी डोलकाठी सर्व बाजूंना कलेल असा सांधा बसवून त्याचे पेटंट घेतले. या फळीला सुकाणू नाही. शीड पुढे कलविले की ती वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलविले की वाऱ्याकडे. १९८४ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेच्या समुद्रावर, फळीखाली पंख लावूनच शर्यती झाल्या.

त्या शर्यतींची फळी सात फूट लांब आणि तीन फूट रुंद. म्हणजे खरोखरच घराच्या दाराएवढी. पुरुषांचे शीड ९ चौरस मीटर, स्त्रियांचे ८. फळीखाली ९५ सेंटिमीटरचा दांडा आणि त्याच्या टोकाला पुढे एक पंख, मागे एक धाकटा पंख. पुढल्या पंखाचे क्षेत्र अवघे ९०० चौरस सेंटिमीटर. शाळेतल्या दोन पाट्या शेजारी ठेवल्या म्हणजे जेवढी जागा होते, साधारण तेवढे! एवढ्या पंखावर जाणता माणूस, फळी आणि शीड उचलले जाते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. मंद वाऱ्यात ही फळी कशी वागते?

पंखाची उचल वेगावर अवलंबून असते, आणि तीही कशी? वेग दुप्पट झाला की उचल चौपट. उलटही तितकेच खरे. वेग निम्मा झाला की उचल चौथाईवर येते. म्हणून वारा मंद असताना फळी पोटावर पाण्यात बसलेली असते, आणि तो पाण्यातला पंख उचलणे दूरच, उलट लोढण्यासारखा मागे ओढतो. साधी फळी अशा वेळी पंखाच्या फळीच्या पुढे निघून जाते. शर्यत घ्यायची तर निदान पाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटर वारा लागतो. ब्यूफोर्ट नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या पायऱ्या ठरविल्या. तिच्या दुसऱ्या पायरीवर वारा चेहऱ्याला जाणवतो आणि पाने सळसळतात. तोच हा वारा. आमच्या तलावाच्या पाळीवरचा पिंपळ बोलू लागला, की समजावे पाच नॉट झाले.

एवढ्या वाऱ्यात फळी आपणहून उठत नाही. मग खेळाडू काय करतो? तो आधी पाण्यावर नजर फिरवतो. निवांत पाण्यावर जिथे बारीक सुरकुत्या दिसतात तिथे झुळूक आहे. तिकडे फळी नेतो, ती वाऱ्याला किंचित आडवी करतो, म्हणजे शीड चांगले भरते. आणि मग सुपाने धान्य पाखडावे तसे दोन्ही हातांनी शीड जोरजोराने स्वतःकडे ओढतो, सोडतो, ओढतो, सोडतो. पायांनी फळीला ठेका देतो. आठ-दहा हिसक्यांत वेग येतो, पंख जागा होतो, आणि फळी वर येते. तिथेही उतावीळपणा चालत नाही. नाळ फार उचलली तर पंखाची पकड सुटते आणि फळी धपकन पाण्यात. म्हणून उठताना भार थोडा मागे आणि उठताक्षणी पुढे. हलक्या माणसाला हे लवकर साधते. वजनदार माणसाला अधिक वारा किंवा अधिक हात लागतात. मोठा पंख लावावा तर तो लवकर उचलतो, पण पुढे वेग वाढू देत नाही. काही मिळवायचे तर काही सोडावे लागतेच.

आणि खरी गंमत यानंतर आहे. फळी वर आली की पाण्याचा रेटा एकदम कमी होतो, कारण पाण्यात राहतो तो फक्त दांडा आणि पंख. वेग वाढतो. आता बिनवाऱ्याच्या सकाळी सायकल दामटून पाहा. वारा नसला तरी तोंडावर वारा लागतो. तो आपल्याच गतीचा वारा. फळीच्या शिडालाही तो लागतो, खऱ्या वाऱ्यात मिसळतो, आणि शिडाला वाटते की वारा वाढला! म्हणून चांगला खेळाडू वाऱ्याच्या वेगापेक्षाही जलद जाऊ शकतो. आणि जेवढ्या वाऱ्यात फळी उठत नव्हती त्याहून कमी वाऱ्यात ती उडत राहू शकते. उठायला लागतो त्यापेक्षा टिकायला थोडा वारा पुरतो. धोका येतो तो वळणावर. तिथे वेग ओसरला, फळी टेकली, की पुन्हा सारा खटाटोप पहिल्यापासून.

तेव्हा त्या मुलाला मिळालेले उत्तर असे: वारा अगदीच नव्हता असे नाही, थोडा होता, त्या थोड्याला आधी हाताची जोड मिळाली, आणि मग गतीनेच आपला वारा आणला.

गलबत आणि ही फळी यांत फरक आहे, तो लपवू नये. वल्हे वाऱ्याच्या जागी काम करते. वारा मुळीच नसला तरी गलबत ताशी चार मैल जाईल. फळीवरचा हात वाऱ्याची जागा घेत नाही, तो वाऱ्याला फक्त उठवतो. वारा पुरता मेला तर फळीही बसते. मार्सेलाही वाऱ्याअभावी काही शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. पण दोन्हीकडे विचार एकच आहे. वारा थोडा आहे म्हणून नशिबाला बोल लावीत बसायचे नाही. नाव अशी बांधायची आणि हात असे तयार ठेवायचे, की थोड्या वाऱ्यातही आपले चालावे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सारे सांगितले. शेवटी भोपाळची गोष्ट सांगितली. भोपाळलाही समुद्र नाही; आहे तो जुना मोठा तलाव. त्या तलावाच्या गावी तयार झालेल्या इबाद अली या तरुणाने २०२३ साली चीनमध्ये झालेल्या हांगचौ आशियाई स्पर्धेत शिडाच्या फळीवर कांस्यपदक मिळविले. त्याची फळी बिनपंखाची होती, हे खरे. पण ते पदक समुद्रकाठच्या मुलाचे नव्हते, हे आमच्या मुलांना पुरेसे होते.

सुट्टी लागली. भाऊबिजेच्या आदल्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो, तर मोबाईलचा मालक आजोबांबरोबर डोंग्यात बसलेला. आजोबा धिवर, जन्म पाण्यावर गेलेला. नातवाने बांबूच्या काठीला आईचे जुने लुगडे बांधून डोंग्यावर शीड उभे केले होते. पिंपळाचे पान हालत नव्हते. लुगडे मुकाट लोंबत होते आणि डोंगा तलावाच्या मधोमध थांबला होता.

मी पाळीवरून हाक मारली, "काय रे, निघेल का?"

उत्तर आजोबांनी दिले. बांबू पाण्यात रोवीत ते म्हणाले, "वारा पडला त हात चालवाच लागते जी, गुरुजी!"

डोंगा हालला. काठाकडे येता येता कुठूनशी एक झुळूक आली, पाण्यावर सुरकुत्या उठल्या, आणि ते जुने लुगडे क्षणभर भरले. पोरगा आनंदाने ओरडला. आजोबांनी मात्र बांबू खाली ठेवला नाही.